प्रत्येक काळा दगड ग्रेवॅक नसतो: या चुका टाळा

ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवर उचललेला काळा दगड ‘ग्रेवॅक सापडला’ म्हणून महिन्यातून एकदा तरी कोणीतरी माझ्यापुढे धरतं. येऊर, पारसिक, खारघर, इथल्या सगळ्या डोंगरांत आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ग्रेवॅक हा गडद रंगाचा वालुकाश्म, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेला दगड. समुद्रतळाच्या उतारावरून चिखल-वाळूचा लोंढा घसरतो आणि सगळा गाळ घाईने बसतो, त्यामुळे कण टोकदार, लहानमोठे आणि मधल्या फटींत चिखल. तो बघायचाच असेल तर कर्नाटकात चित्रदुर्गच्या पट्ट्यात जा.

सर्वांत वाईट चूक म्हणजे वरच्या रंगावरून नाव देणं. ऐरोलीचा एक कॉलेजचा मुलगा प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या रात्री माझ्याकडे आला. पारसिकच्या पायथ्याचे बारा तुकडे, प्रत्येकावर ‘ग्रेवॅक’ची चिठ्ठी. नाव मोबाइलवरच्या ॲपने सांगितलेलं. मी त्यातला एक फोडला. आत गोल पोकळी आणि तिच्यात झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या सुया. लाव्ह्यातला वायूचा बुडबुडा होता तो! रात्री एकपर्यंत बारा चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. त्याला ॲपचा राग आला होता, मला मात्र बारांतला एकही दगड फोडून न पाहिल्याचा.

माझी सवय सांगतो. गॉगल लावून दगड फोडायचा, ताजी बाजू ओली करायची आणि सकाळच्या उन्हात दहापट भिंगाखाली धरायची. काचेसारखे क्वार्ट्‌झचे सुटे कण दिसले, तरच पुढचं बोलायचं. मग दोऱ्याला बांधलेलं चुंबक जवळ न्यायचं; बेसाल्टकडे ते बहुधा थोडं ओढलं जातं. नुसत्या पांढऱ्या रेघांवर जाऊ नका, त्या ग्रेवॅकमध्येही असतात.

‘वालुकाश्म म्हणजे ठिसूळ’ हेही डोक्यातून काढा. न्यूझीलंडमध्ये रस्त्याची आणि रेल्वेची खडी ग्रेवॅकची असते. इजिप्तच्या मेनकौरे राजाचे तीन-तीन आकृत्यांचे पुतळे याच दगडाचे, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. जुन्या पुस्तकांत त्यांना शिस्ट किंवा स्लेट म्हटलंय, म्हणून फोटोखालची नावं उतरवून घेऊ नका.

पॉलिश केलेल्या लादीवरून निदान करू नका. लिंबू पिळून फेस येतो का, यावरून तर मुळीच नको.

आणि थरातून तुकडा काढण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढा. ग्रेवॅकच्या थरात खाली जाड आणि वर बारीक कण असतात. दुमडलेल्या, उलटलेल्या थरांची मूळ वरची बाजू त्यावरून कळते, आणि बाण नसेल तर घरी आणलेल्या तुकड्याची ही माहिती गेलीच.