पाईनवुड डर्बीची गाडी करायची तर अवजारं कोणती घ्यावी (आणि कोणती अजिबात घेऊ नये)

सुट्ट्या लागल्या की पोरं काही ना काही खटपट करायलेत, त्यात हे पाईनवुड डर्बीचं, म्हणजे लाकडाच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या उतारावरून सोडायच्या शर्यतीचं, खूळ आता इकडंही आलंय. 1953 साली कॅलिफोर्नियात डॉन मर्फी नावाच्या माणसानं हे चालू केलं, त्याचा पोरगा सोपबॉक्स डर्बीसाठी (पोरं स्वतः बसून उतारावरून पळवतात त्या बिनइंजिनाच्या गाड्यांची शर्यत) लहान पडत होता म्हणून. किटमध्ये 7 इंचाचा लाकडी ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि अ‍ॅक्सल म्हणून चार खिळे येतात, बाकी गाडी उतारावरून आपल्या वजनानंच पळते.

लोक आधी काय करतात, तर जिगसॉ नाहीतर रोटरी मशीनची चौकशी. कशाला पैसे घालवायलात? बॉडीला आकार काहीही द्या, साधी पाचरीसारखी कापली तरी भागतं. खरा खेळ खिळे, चाकं आणि वजनाचा आहे, तर पैसा तिथं लावा.

सगळ्यात आधी घ्या डिजिटल काटा, 0.1 ग्रॅम दाखवणारा. नेहमीची वजनाची हद्द 5 औंस म्हणजे 141.7 ग्रॅम, आणि किचनचा काटा नुसता 142 दाखवतो, मग तुम्ही आत आहात का बाहेर हे कळणार कसं. ओळखीच्या सोनाराकडं एकदा ताडून बघा, तो हसंल पण करून देतो.

कापायला बारीक दात्याची करवत नाहीतर हॅक्सॉ, आणि सोबत सी-क्लॅम्प दोन. क्लॅम्प विसरू नका हां, एका हातानं ठोकळा धरून दुसऱ्यानं करवत चालवली की बोट गेलंच, त्यात पोरगं असलं तर विचारूच नका. अ‍ॅक्सलच्या खाचांपासून लांब कापा, तिथलं लाकूड पातळ असतं, टवका निघतो. सराव करायला किटचा ठोकळा नासवायची गरज नाही, वाळूज एमआयडीसीकडं जुन्या पॅलेटच्या पाईनच्या फळ्या भंगारात मिळतात. फक्त शिक्का बघून घ्या, एचटी असेल तर लाकूड गरम करून कीड मारलेलं असतं, एमबी असेल तर औषधाचा धूर दिलेला, ते नको.

आता खिळे. नीट बघितलं तर खिळ्याच्या डोक्याखाली साच्याची बारीक उंचवट्याची रेघ दिसते, नखाला लागते, तीच चाकाला घासून वेग खाते. खिळा ड्रिल मशीनच्या चकात पकडायचा, मशीन हळू फिरवत बारीक तिकोनी कानशीनं ती रेघ काढायची, मग वॉटर पेपर 400, 600, 1000 असं ओलं करून चढत्या क्रमानं, शेवटी ब्रासो लावून कापडानं. कानस जास्त दाबू नका, खिळा बारीक झाला की चाक डुगडुगतं. वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाचं सामान ठेवणाऱ्याकडं सुटा मिळतो. ड्रिल मशीन मात्र विकत नको, गल्लीतल्या एखाद्या सुताराकडून तासभर मागून आणा, चहा पाजला की झालं. डोळ्याला चष्मा लावा, खिळा कधी उडंल सांगता येत नाही.

चाकात ग्रेफाइट पावडर घालायची, तेल नाही. तेलाला धूळ चिकटते आणि मराठवाड्यातला उन्हाळा म्हणजे धूळच धूळ, वर बऱ्याच शर्यतीत तेल चालतही नाही. पावडर कुलपासाठी येते ती चालते, हात काळे होतील, जुना पेपर अंथरा.

वजनाला मासेमारीच्या गळाचं शिसं चालतं, ते मागच्या अ‍ॅक्सलच्या जरा पुढं, खालून भोक पाडून बसवा आणि एमसीलनं बुजवा. शिसं घरात वितळवू नका, धूर विषारी असतो, हाताळल्यावर हात धुवा. रंग आधी द्या, वजन नंतर भरा, रंगाचंही वजन भरतं. शेवटी जास्त झालंच तर एमसीलमधून ड्रिलनं किंचित खरवडून काढा.

राहिली पक्कड. गाडी सपाट फळीवर किंचित उतार करून सोडा, चार फुटांत डावी-उजवी गेली तर पुढचा खिळा पक्कडीनं डोक्याला धरून अगदी हलका फिरवा आणि पुन्हा सोडा, सरळ जाईस्तोवर हेच.