फोटोवरून छोट्या परजीवी माश्या कशा ओळखायच्या

आधी ती माशीच आहे ना ते बघा, कारण परजीवी माशी म्हणून दाखवलेले कितीतरी फोटो बारक्या गांधीलमाश्यांचे निघतात. माशीला पंख दोनच असतात आणि मागच्या जोडीच्या जागी टाचणीसारखे दोन बारके दांडे, त्यांना हॉल्टिअर म्हणतात. पंख नीट मोजता येत नसतील तर मिशा बघा, लांब आणि भरपूर पेरांच्या असल्या तर बहुतेक गांधीलमाशीच.

काही फॅमिली, म्हणजे माश्यांची कुळं, लगेच कळतात. डोकं म्हणजे जवळपास नुसते डोळेच असतील तर पिपनक्युलिड, यांच्या अळ्या तुडतुड्यांच्या पोटात वाढतात. पाठीला कुबड, आणि पंखाच्या पुढच्या कडेच्याच शिरा जाड, बाकीच्या पुसट, असं दिसलं तर फोरिड, पण सगळेच फोरिड परजीवी नसतात हं.

खरा घोळ होतो टॅकिनिडमध्ये, म्हणजे दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढणाऱ्या परजीवी माश्यांच्या फॅमिलीत. करड्या रंगाची, केसाळ, छातीवर काळे पट्टे अशी माशी वरून बघितली तर मांसमाशी पण अगदी तशीच दिसते. मी एकीला बिनधास्त टॅकिनिड म्हणून मोकळा झालो होतो, नंतर त्याच माशीचा बाजूने घेतलेला एक फोटो झूम करून बघितला तर जो फुगवटा असायला हवा तो नव्हताच. हा फुगवटा म्हणजे काय, तर छातीच्या मागच्या टोकाला वरून त्रिकोणी ढालीसारखा एक भाग दिसतो, टॅकिनिडमध्ये त्याच्या बरोब्बर खाली अजून एक गोलसर उंचवटा असतो, सबस्क्युटेलम, आणि तो फक्त बाजूनेच नीट दिसतो. पोटावरचे जाड राठ केस बघून अंदाज येतो, पण खात्री या उंचवट्यानेच करायची.

म्हणून एका फोटोवर थांबू नका. वरून, बाजूने, तोंडासमोरून आणि पंखाच्या शिरा दिसतील असा एक, एवढे तरी घ्या. ओरिजिनल फाइल ठेवा, क्रॉप केल्यावर साइज कळत नाही, शेजारी पान किंवा बोट आलं तर उलट बरंच. डोळ्यांच्या लाल रंगावर तर अजिबात जाऊ नका, तो ढीगभर माश्यांत असतो.

आणि प्लीज, अंदाजाने स्पीशीजचं (नेमक्या जातीचं) नाव लावू नका, एकदा चुकीचं नाव लागलं की पुढचा माणूस त्याच फोटोशी आपला फोटो जुळवत बसतो. फॅमिलीपर्यंत खात्री असेल तर तेवढंच लिहा. माशी दुसऱ्या किड्याच्या अळीतून किंवा कोषातून निघाली असेल तर ती अळी कुठली, कुठल्या झाडावर होती हे मात्र नक्की लिहा, जीनस (फॅमिलीच्या आतला छोटा गट) शोधताना त्याचा फार उपयोग होतो.