घाबरलेल्या प्रवाशाच्या हाती सेसनाचा योक देताना

सेसना 172 या छोट्या विमानात पुढच्या दोन्ही सीटसमोर योक (विमान कलवणारं, नाक वर-खाली करणारं हँडल) असतो. उजवीकडे बसलेल्या, धास्तावलेल्या माणसाला चार-पाच मिनिटं विमान सांभाळू दिलं की त्याची भीती बरीच उतरते. मात्र पायलट-इन-कमांड, म्हणजे उड्डाणाला जबाबदार पायलट, तुम्हीच. अमेरिकेत खासगी पायलट असं करू देऊ शकतो. भारतात हे इन्स्ट्रक्टरसोबतच्या उड्डाणातच करावं.

वेळ सकाळची. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळू लागते आणि धक्के बसतात. पुण्याकडची जमीनच समुद्रसपाटीपासून 1,800-1,900 फूट उंच, तेव्हा अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारी डायल) 5,000 दाखवत असेल तरी खाली जेमतेम 3,000 फूट उरतात. तेवढे असायलाच हवेत.

इंजिन सुरू करण्याआधी सीट रुळावर पक्की बसली का ते प्रवाशाला मागेपुढे हलवून पाहायला लावा. टेक-ऑफच्या वेळी सीट मागे सरकली तर माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि समोर योकच असतो. तो ओढला गेला की नाक वर, वेग कमी, आणि खाली सावरायला उंची नाही. सीट पुढे घेतानाही योकला धरायचं नाही, हे आधीच बजावा. पाय रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पट्टीच्या) पेडलवरून मागे, कारण पेडलच्या वरच्या भागात ब्रेक असतात. योक पूर्ण मागे-पुढे, डावी-उजवीकडे फिरवून पोट, गुडघे, कॅमेऱ्याचा पट्टा कुठे अडकत नाही ना, पाहा. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) हलताना खिडकीतून दाखवा.

वर गेल्यावर इंजिन 2,300 आरपीएम, वेग 95-100 नॉट, आणि ट्रिम (योक न धरताही नाक जागच्या जागी ठेवणारी जुळवणी) नीट. मग दोन्ही हात योकवरून काढून दाखवा. विमान सरळ चालत राहतं, हे डोळ्यांनी दिसणं कुठल्याही समजुतीपेक्षा जास्त काम करतं. इंजिनचा आवाज बदलायचा असेल तर आधी सांगा; अचानक थ्रॉटल कमी झाला की लोकांना इंजिन बंद पडल्यासारखंच वाटतं.

हवाली करताना तीन वाक्यं: "कंट्रोल तुझ्याकडे." "माझ्याकडे." "हो, तुझ्याकडे." काकू किंवा सासरे शेजारी असतील तर "तुमच्याकडे", पण क्रम हाच. परत घेतानाही तसंच. आधी दोन बोटं आणि अंगठा एवढंच योकवर, तुमचा हात जवळ आणि पाय रडरवर.

भीतीने मूठ घट्ट होते आणि नकळत योक मागे ओढला जातो. वेग उतरतोय हे प्रवाशाला कळतच नाही. म्हणून डायलकडे नव्हे, क्षितिज काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) किती वर दिसतं तिकडे पाहायला सांगा. नाक वर-खाली हिंदकळू लागलं तर दुरुस्ती सुचवत बसू नका. "सोड" म्हणा, ट्रिम केलेलं विमान स्वतःच शांत होतं.

पहिलं वळण डावीकडे, 10-15 अंशांच्या बँकचं (बाजूला कलण्याचं). डावीकडे कललं की प्रवाशाच्या बाजूचा पंख वर जातो आणि थेट खालची जमीन दिसत नाही. इथे नेहमीची चूक म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगसारखा योक वळवून धरून ठेवणं. बँक मग वाढतच जातो. बँक हवा तेवढा झाला की योक मध्यावर आणायचा, हे वळणाच्या आधी सांगा. स्टॉल (वेग कमी होऊन पंखांची उचल जाणं), तीव्र वळणं आज नाहीत, फ्लॅपही (पंखांच्या मागच्या, खाली उतरणाऱ्या पट्ट्या) नाहीत.

पाच मिनिटांनी, घाम फुटायच्या आत, कंट्रोल परत घ्या आणि व्हेंट उघडा. सर्किटकडे (उतरण्यासाठी विमानतळाभोवती घालायच्या ठरलेल्या फेरीकडे) उतरण्याआधी हात मांडीवर, पाय मागे, आणि गप्पा रनवेवरून बाहेर पडल्यावर.