न उतरणारा थकवा: डॉक्टरांना काय सांगावे, काय विचारावे

विरारहून चर्चगेटपर्यंत रोज उभ्याने जाणारा माणूस संध्याकाळी दमतोच, परंतु रात्रभर झोपूनही थकवा उतरत नसेल आणि सहा महिन्यांहून अधिक काळ नोकरी व घरकाम पूर्वीसारखे झेपत नसेल, तर क्रॉनिक फटीग सिंड्रोमची शक्यता डॉक्टरांशी बोलावी.

या आजाराची मुख्य खूण म्हणजे श्रमानंतरची घसरण. दादरच्या पुलाची चढउतार त्या दिवशी निभावून जाते. मात्र बहुधा १२ ते ४८ तासांनी अंग मोडून येते, शब्द आठवत नाहीत, आणि पुढचे कित्येक दिवस अंथरुणात जातात. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली सुचवलेल्या निकषांत ही घसरण, ताजेतवाने न करणारी झोप, आणि त्यांच्या जोडीला विचारांतील गोंधळ किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास अपेक्षित आहे. म्हणून ओपीडीत जाण्यापूर्वी दोन आठवडे काम, झोप आणि त्रास यांची तारीखवार नोंद ठेवावी व तिचा गोषवारा एका पानावर न्यावा. रांगेत उभे राहणे हाही श्रमच असल्याने सोबत कोणी असावे.

निदान पक्के करणारी एकही रक्तचाचणी नाही. त्यामुळे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-१२ची कमतरता, झोपेतील श्वासरोध आणि आपल्या शहरात विशेषतः क्षयरोग यांची शहानिशा आधी होते. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते; नैराश्य सोबत असू शकते, पण हा आजार म्हणजे नैराश्य नव्हे.

आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. झोप, वेदना, उभे राहिल्यावर होणारी धडधड यांवर स्वतंत्र उपचार होतात. खरा आधार शक्तीच्या काटकसरीचा आहे. थकण्यापूर्वीच थांबावे, भाजी बसून चिरावी, धुणे आणि बाजार एकाच दिवशी करू नये, आणि बरे वाटलेल्या दिवशी साचलेली कामे उपसू नयेत, कारण घसरणीची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते. ‘रोज थोडे जास्त चाला’ असा सल्ला मिळाल्यास आपली नोंदवही दाखवावी. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट केले आहे.

निदान झाल्यानंतरही रेंगाळणारा ताप, घटते वजन, खोकल्यातून रक्त किंवा नवी धाप दिसली, तर ती या आजाराच्या खात्यावर न टाकता लगेच तपासून घ्यावी.