पशुवैद्यक व्हायचंय? आधी नखं कापा

नीटचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "डॉक्टर, पोरीचं एमबीबीएसला जमत नाही, जनावरांचं तरी मिळेल का?" त्या 'तरी'वर मी अडतो आणि विचारतो, पोरगी कधी गोठ्यात गेलीय का?

म्हणून पहिली तयारी फॉर्मची नाही. बारावीच्या सुट्टीत पंधरा दिवस जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बसा. डॉक्टरांना विचारा, परवानगी मिळाली तर खोड्यापाशी, म्हणजे जनावर अडकवून तपासतात त्या चौकटीपाशी उभे राहा, लसीकरणाच्या फेरीला सोबत जा. एखादी विताना अडलेली गाय पाहायला मिळाली तर नशीब समजा. चक्कर आली तरी हरकत नाही, मलाही आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावंसं वाटतं का, तेवढं बघा.

मग कागद. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला त्यात किमान ५० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ पूर्ण हवीत. नीट दिली म्हणजे आपोआप नाव लागेल, या भ्रमात राहू नका. राज्यातल्या जागांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा अर्ज वेगळा, आणि देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेचा वेगळा. दोन्ही भरा. जात वैधता प्रमाणपत्राची धावपळ अकरावीतच सुरू करा, ऐनवेळी त्यावरच गाडी अडते. महाविद्यालयांत मुंबईचं सर्वांत जुनं, १८८६ चं. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करून डॉक्टर होता येत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तिथून उठा.

आता शरीराची तयारी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. रेबीजची लस आधीच घ्या, कुत्रा चावायची वाट पाहू नका. पिसाळलेली म्हैसही येते, आणि तिच्या तोंडात हात घालून "घशात काही अडकलंय का" हे बघायचा मोह होतो. नखं मुळापर्यंत कापा, अंगठी-कडं घरी ठेवा. गाभण आहे का ते हात घालून तपासताना नख लागलं तर आतली त्वचा फाटते. गाभडलेलं, म्हणजे गर्भपात होऊन पडलेलं वासरू किंवा अडकलेली वार (व्यायल्यावर पडणारी झार) उघड्या हातानं कधीच धरू नका. त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा संसर्गजन्य रोग माणसाला होतो, ताप येत-जात राहतो आणि सांधे धरतात. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हातमोज्याचा कंटाळा केला.

पिशवीत गमबूट, लांब हातमोजे, साबण, सुती दोर आणि थर्मामीटर. थर्मामीटरला दोरी आणि चिमटा बांधा, नाहीतर तो आत जातो आणि मग मालकासमोर शोधत बसावं लागतं. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मात्र नको. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो भाषेला. रोगी बोलत नाही, मालक बोलतो, आणि तो पुस्तकातलं बोलत नाही. "गाय उलटली" म्हणजे ती पडलेली नाही, रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली. "वार पडली नाही", "पान्हा चोरते" (धार काढताना दूध सोडत नाही), "सडातून गाठी येतात" हे शब्द कानात मुरू द्या. आणि प्रश्न बायकांना विचारा. मालक सांगेल, कालपासून खात नाही. धार काढणारी सांगेल, परवा संध्याकाळपासून दूध कमी झालं आणि रवंथ बंद आहे. निदान बहुतेक वेळा तिच्याच वाक्यात असतं.

पदवी आणि इंटर्नशिप झाली की राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करा, तोवर स्वतःच्या नावानं औषध लिहू नका. आणि डिकीत एक धुतलेला शर्ट कायम असू द्या. शेणानं भरलेल्या बाहीनं मी एका लग्नाला गेलोय. जेवायला बसल्यावर शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.