ट्रिम टॅब हलत नाही? नवा भाग विकत घेण्याआधी हे तपासा

लहान मोटरबोटीच्या मागच्या सपाट भिंतीला ट्रान्सम म्हणतात. तिच्या खालच्या कडेला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या बिजागरीने बसवलेल्या असतात, त्या ट्रिम टॅब. पट्टी खाली झुकली की वाहत्या पाण्याचा दाब बोटीची ती मागची बाजू उचलतो आणि पुढची नाळ खाली बसते. माणसं एका बाजूला जास्त बसली किंवा वाऱ्याने बोट कलली तर ती सरळ करण्याचं कामही याच पट्ट्या करतात. एक टॅब जरी अर्धवट अडकला तरी वेगात असताना बोट एका अंगावर पडून चालते. म्हणून हा बिघाड लांबणीवर टाकू नये.

यंत्रणा समजली की दुरुस्ती सोपी होते. बोटीच्या आत एक पंप असतो. त्याला तेलाची टाकी, विजेची मोटर आणि दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडमीट होणाऱ्या झडपा) जोडलेले असतात. तिथून दोन बारीक नायलॉनच्या नळ्या ट्रान्सममधून बाहेर एकेका सिलिंडरला जातात. मोटर सुलट फिरली की तेल सिलिंडरमध्ये जातं, दांडा बाहेर येतो आणि टॅब खाली झुकतो. मोटर उलट फिरली की तेल परत टाकीत येतं आणि टॅब वर जातो. कोणत्या बाजूला तेल जाणार हे व्हॉल्व्ह ठरवतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. बहुतेक बोटींत डावं बटण दाबलं की उजवा टॅब खाली जातो. बटण टॅबचं नसून नाळेचं असतं : उजवी मागची बाजू उचलली की डावी नाळ खाली येते. हे माहीत नसलं तर माणूस चुकीच्या बाजूचा सिलिंडर उघडून बसतो.

आधी कान, मग हात

बोट पाण्याबाहेर काढून ट्रेलरवर किंवा भक्कम आधारावर घ्या. टॅबच्या आसपास कुणाचे हात नाहीत याची खात्री करून बटण दाबा आणि पंपाजवळ कान द्या.

अजिबात आवाज नाही, म्हणजे दोष विजेचा. फ्यूज बघा. मग पंपाला येणाऱ्या वायरींची टोकं बघा. खारट हवेत तांब्यावर हिरवी भुकटी जमते आणि वीज अडते. टोकं घासून चकचकीत करा, सैल झाली असतील तर नवी लावा आणि वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणारं, ओल रोखणारं ग्रीस) पातळ थर द्या. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजताना बटण दाबलेलं हवं. मोटर बंद असताना 12 व्होल्ट दिसतात आणि मोटरची ओढ पडताच ते घसरतात, असं गंजलेल्या जोडात नेहमी होतं. निगेटिव्ह वायरही तितक्याच काळजीने तपासा.

मोटर फिरते पण एकही टॅब हलत नाही, तर टाकीतल्या तेलाची पातळी बघा. ती बघताना दोन्ही टॅब पूर्ण वर असले पाहिजेत. खाली असताना तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि पातळी कमी दिसते. ती खरोखरच कमी असेल तर तेल कुठेतरी गळतं आहे. बोटीत पंपाखाली आणि नळ्यांच्या जोडांवर कोरडा पांढरा कागद फिरवा. आत काहीच सापडलं नाही तर गळती बाहेर, सिलिंडरच्या सीलपाशी (दांड्याभोवती तेल अडवणारं कडं) असते. बोट पाण्यात असताना टॅबजवळ तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसतो तो याच कारणाने.

एकच टॅब बंद असेल तर : अदलाबदलीची चाचणी

या दुरुस्तीतली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच आहे. तिला कुठलंही महाग साधन लागत नाही.

दोन्ही टॅब शक्य तितके वर घ्या आणि बॅटरीचा स्विच बंद करा. पंपाखाली शोषक कापड पसरा. दोन्ही नळ्या पंपाच्या टोकाशी सोडवून त्यांची अदलाबदल करा, बॅटरी चालू करून दोन्ही बटणं दाबून बघा. आता प्रत्येक बटणावर विरुद्ध टॅब हलायला हवा. आधी बंद असलेलाच टॅब अजूनही बंद असेल, तर दोष त्या नळीत किंवा सिलिंडरमध्ये. तो चालू झाला आणि दुसरा बंद पडला, तर दोष पंपाच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्ह, त्याची वायर किंवा बटण.

पुढची पायरी तशीच. नळ्या पूर्ववत जोडा आणि आता दोन व्हॉल्व्हच्या वायरींची अदलाबदल करा. मेलेला टॅब दुसऱ्या बटणावर जिवंत झाला, तर वायर किंवा बटण खराब आहे. कोणत्याही बटणावर तो हलत नसेल, तर व्हॉल्व्ह बदला.

टॅब खाली जातो पण बोट चालत असताना हळूहळू आपोआप वर सरकतो, हाही तक्रारीचा नेहमीचा प्रकार आहे. तेव्हा बहुधा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो आणि तो नीट मिटत नाही. नळ्यांची हीच अदलाबदल इथेही उत्तर देते.

सिलिंडर बदलताना

टॅबच्या बाजूची पिन आधी काढा, मग ट्रान्समवरचे स्क्रू. नळी सोडवल्यावर तिचं टोक लगेच बंद करा, नाहीतर तेल जमिनीवर येईल. नवी नळी लावायची असेल तर तिचं टोक धारदार ब्लेडने अगदी सरळ कापा. तिरकं टोक जोडात बसत नाही आणि तिथूनच गळती सुरू होते. जोड हाताने बसवून पान्याने थोडाच आवळा. जोर लावला तर प्लॅस्टिकचे आटे जातात.

स्क्रूची भोकं मात्र घाईत उरकू नका. ट्रान्समच्या आत लाकडी गाभा असेल तर एका भोकातून झिरपणारं पाणी तो आतल्या आत कुजवतं, आणि ती दुरुस्ती सिलिंडरच्या कित्येक पट मोठी असते. जुना सीलंट पूर्ण खरवडा, भोकं कोरडी होऊ द्या आणि पाण्याखाली चालणारा मरीन पॉलियुरेथेन सीलंट प्रत्येक स्क्रूला आणि सिलिंडरच्या बैठकीखाली भरा. घरगुती सिलिकॉन इथे चालत नाही. बोट पाण्यात सोडण्याआधी डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण द्या.

तेल

कोणतं तेल घालायचं ते उत्पादकाची पुस्तिका सांगेल. अनेक यंत्रणांत लाल रंगाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांच्या ट्रान्समिशनचं तेल चालतं. ब्रेक फ्लुइड कधीही घालू नका, त्याने सील फुगून खराब होतात. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा वाट सिलिंडरच्या सीलमधूनच असते. सील बदला, मग टाकी आणि नळ्या रिकाम्या करून ताजं तेल भरा.

हवा काढण्यासाठी टाकी भरून दोन्ही टॅब अनेकदा पूर्ण खाली-वर करा, मधे मधे पातळी बघत राहा. हालचाल धक्के न खाता एकसारखी झाली की हवा गेली. सांडलेलं आणि काढलेलं तेल बंद डब्यात जमा करून वापरलेल्या तेलाच्या संकलनात द्या. बोटीच्या तळातल्या पंपाने ते पाण्यात जाता कामा नये.

नेहमीची काळजी

बोट उभी करताना टॅब कायम पूर्ण वर ठेवा. बाहेर राहिलेल्या दांड्यावर शेवाळ आणि बार्नेकल (कवचाचे, घट्ट चिकटणारे समुद्री जीव) धरतात, आणि पुढच्या वेळी दांडा आत जाताना तेच टणक कवच सील फाडतं. दांड्यावर जमलेलं काही काढायचं असेल तर प्लॅस्टिकचं खरवडणं वापरा, तारेचा ब्रश नको. दांड्याला रंगही लावू नका.

टॅबवर ॲनोड (टॅबऐवजी स्वतः गंजून झिजणारा धातूचा तुकडा) असेल तर तो निम्मा झिजला की बदला. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. ॲनोडवर रंग चढला की त्याचा उपयोग संपतो. पट्टीला शेवाळरोधक रंग देताना आधी धातूचा प्रायमर द्या आणि तांबं असलेला रंग स्टीलवर थेट लावू नका.

बिजागरीची पिन सैल झाली आहे का ते पट्टी हाताने हलवून बघा. टाकीवर मार्करने तेलाच्या पातळीची रेघ आणि तारीख लिहून ठेवा. महिन्याभरात पातळी रेघेखाली गेली, तर टॅब नीट चालत असले तरी गळती सुरू झालेली आहे.