भट्टीच्या डँपरला मोटर बसवताना या चुका टाळा

"धूर सगळा आतच येऊलालाय की ओ, मोटर जळली काय बघा!" निपाणीकडच्या एका हॉटेलातून हा फोन आला, तेव्हा मालकांनी नवा ॲक्च्युएटर (डँपर, म्हणजे धुराची वाट उघडझाप करणारं पातं, फिरवणारी मोटर) मागवूनही ठेवला होता. मी जुन्याचं बटण दाबून गिअर मोकळा केला आणि पात्याचा दांडा हाताने फिरवला. हलेना. पात्याच्या कडेला चरबी आणि काजळीचा डांबरासारखा थर धरला होता. खरडून काढला तसं पातं दोन बोटांनी फिरायला लागलं. जुनी मोटर ठणठणीत होती, तीच परत बसवली.

सगळ्यात मोठी चूक हीच: मोटर लावण्याआधी पातं हाताने फिरवून न बघणं. तेही दोनदा बघा, थंड भट्टीवर आणि कोळसा पेटल्यावर, कारण तापलेला पत्रा फुगतो आणि सकाळी सैल असलेलं पातं दुपारी घासतं. दांडा ज्यात फिरतो त्या बुशला साधं ग्रीस नको. ते जळून खडा होतं, ग्रॅफाइट चालतं. पातं अडकतंय म्हणून पाचाऐवजी दहा न्यूटन-मीटरची, म्हणजे दुप्पट पिळाच्या जोराची, मोटर टाकणारेही भेटतात. मग मोटरीचा दांडा पकडणारा क्लॅम्प घसरतो, नाहीतर पातंच वाकतं.

दुसरी खोड, मोटर थेट धुरांड्याच्या पत्र्यावर आवळणं. साधे ॲक्च्युएटर भोवतालच्या 50 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. दांडा फूटभर लांबवा, मोटर वेगळ्या अँगलवर घ्या आणि मध्ये हवा खेळेल असा पत्रा आडवा लावा. भट्टी ऐन भरात असताना मोटरीवर तळहात टेकवून ठेवता येत नसेल, तर जागा चुकली समजा. मोटरीला स्वतःभोवती फिरू न देणारी मागची पट्टीही जाम आवळू नका. दांडा थोडा तिरका फिरतोच, मोटरीला तेवढं हलायला जागा हवी.

सेटिंगच्या वेळी दांड्याच्या टोकाला पात्याच्या रेषेत हॅक्सॉने एक खाच मारा. धुरांड्यात डोकं न घालता पातं कुठं आहे ते कळतं. स्प्रिंगची मोटर (लाईट गेल्यावर स्प्रिंगने आपोआप परत फिरणारी) असेल तर दिशा नीट ठरवा: लाईट गेल्यावर धुराचा डँपर उघडला पाहिजे आणि खालचा हवेचा बंद झाला पाहिजे. उलटं बसलं असेल तर मोटर काढून दुसऱ्या बाजूने बसवा. आणि निखारे असेपर्यंत धुराची वाट पूर्ण बंद होऊ देऊ नका. पात्याला अडवणारा स्टॉप असा लावा की फट राहीलच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. याबाबतीत मी गिऱ्हाईकाचं ऐकत नाही.

वायरिंगचं थोडक्यात. 24 व्होल्टच्या मोटरीला 230 दिलात तर ती गेलीच. कंट्रोलर (मोटरीला सिग्नल देणारा) आणि मोटरीची कॉमन तार एकच नसेल तर पातं उगाच मागं-पुढं करत राहतं. 2 ते 10 व्होल्टच्या सिग्नलवर चालणारी मोटर सिग्नल 2 च्या खाली असताना हलत नाही, तो बिघाड नव्हे. खानापूर भागात पत्र्यावरची केबल खालून आत घ्या आणि आधी तिला एक झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी तारेवरून थेट आत.

निपाणीच्या त्या मालकांनी सगळं झाल्यावर स्विच दाबला, वीस सेकंद बघितलं आणि परत बंद केला. "हलालंय कुठं?" हलत होतं. बऱ्याच मोटरींना पाव फेरा पूर्ण करायला दीड ते अडीच मिनिटं लागतात. चहा येईपर्यंत पातं उघडलं होतं.